एकतिसावी फरशी

फरशीवाल्याने एकेचाळीस वर्षं गुडघ्यांवर काढली. बाकीचे लोक पायांवर उभे राहून पोट भरतात, हा गुडघ्यांवर. घरं, दवाखाने, शाळा, एक नाचघर, दोन स्टेशनं, एवढ्यांच्या जमिनी त्याने केल्या. चांगली फरशी कोणती असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ती." लक्ष गेलं म्हणजे कुठेतरी ठेच लागली.

काम सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. घर दुसऱ्या मजल्यावर, चव्वेचाळीस पायऱ्या. बायको घरीच कपडे उसवून बारीक-मोठे करून द्यायची. तिचं मशीन एका खिडकीशी, लेकीचं टेबल दुसऱ्या खिडकीशी.

लेक सव्वीस वर्षांची. दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. हात बापासारखा, मिलिमीटरला मिलिमीटर. कामावर ती लाँगबोर्डवरून जायची. वीतभर रुंद, उभी केली तर छातीला लागेल एवढी फळी, खाली चार जाड मऊ चाकं. एक पाय फळीवर, दुसऱ्याने जमिनीला रेटा द्यायचा आणि सोडून द्यायचं. चार वर्षं ती तशी गेली आणि आली.

मग एक दिवस आली नाही. रस्त्यातल्या गटाराच्या झाकणाची कड वर आलेली होती. चाक त्याला अडलं, फळी जागेवर राहिली, लेक पुढे गेली. घोटा मोडला. आत दोन पट्ट्या आणि सात स्क्रू बसले.

फरशीवाला दवाखान्यात जायच्या आधी रस्त्यावर जाऊन झाकण बघून आला. सवय, दुसरं काय. वाकून कडेला बोट लावलं. नखाहून जरा जास्त. मग दवाखान्यात गेला आणि लेकीच्या खाटेशी उभा राहून म्हणाला, "एवढी कड दिसली नाही? डोळे कुठे होते?"

माणूस घाबरला की असलंच काहीतरी बोलतो. पण बोललेलं परत गिळता येत नाही. लेकीने भिंतीकडे तोंड केलं.

हाड चार महिन्यांत जुळलं. डॉक्टर म्हणाले, पाय आता पहिल्यापेक्षा पक्का आहे. पण लेक खाली बघून चालायला लागली. प्रत्येक पाऊल बघून. दोन फरशांचा सांधा आला की थांबायची, पायाने चाचपायची, मग पुढे. रस्त्यावर शंभर पावलांना अर्धा तास. लोक मागून धक्का देऊन जायचे. हळूहळू तिने उतरणंच सोडलं. कारखान्याच्या मालकीणबाई भल्या. त्यांनी पडल्यापासूनच मेणाचे दात कोरायचं काम घरी पाठवलं होतं, एक नाही, दहा महिने. शेवटी त्यांचा फोन आला. भट्टी इथे, यंत्रं इथे, किती दिवस असं चालवू? पुढच्या एक तारखेला ये. येणार नसशील तर तसं सांग, मी दुसरं माणूस बघते.

एक तारखेला तेवीस दिवस होते.

"तुम्ही तिला समजवा," बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली.

"काय समजवू?"

"घाबरू नको म्हणावं. काही होत नाही."

"काही होत नाही हे मला काय माहीत?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "झालं. तुम्हाला विचारलं हीच माझी चूक."

पण त्याचं म्हणणं खरं होतं. एकेचाळीस वर्षांत त्याने हाताखालच्या माणसाला असा दगड उचलायला सांगितला नव्हता, जो स्वतः उचलून बघितला नाही. काठावर उभं राहून पोहायला शिकवणारे पुष्कळ असतात. तो त्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दारामागची फळी काढली. दहा महिन्यांत तिचा उपयोग एकच झाला होता. बायको तिच्यावर ओले टॉवेल टाकायची.

"आता माझे टॉवेल कुठे टाकू?"

"माझ्या डोक्यावर," तो म्हणाला आणि लेकीच्या टेबलाशी गेला. "फळी घेऊ का?"

लेकीने कोरणी खाली ठेवली. "कशाला?"

"शिकतो."

"बाबा, वय काय तुमचं?"

"त्रेसष्ट."

तिने पुन्हा कोरणी उचलली. "हेल्मेट कपाटावर आहे. ते घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही."

"गुडघ्याच्या पट्ट्या?"

"त्या तुमच्याकडे आहेतच की."

होत्याच. कामाच्या, जाड रबराच्या, झिजून त्याच्या गुडघ्यांच्या आकाराच्या झालेल्या.

"आधी कुठला पाय पुढे ते ठरवा," लेक मेणाच्या दाढेवरून नजर न काढता म्हणाली. "मोजे घालून पळत या आणि घसरा. आपोआप जो पुढे जाईल तो."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस मोजे घालून आपल्याच हाताने घासलेल्या फरशीवरून घसरला. डावा पाय पुढे गेला आणि तो मशीनच्या खुर्चीला धडकला.

"लोकांची साठीला बुद्धी नाठी होते," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "आमच्याकडे तीन वर्षं उशिरा पोचली."

पहिले दोन दिवस फळी जाड सतरंजीवर ठेवली. चाकं हलत नाहीत, नुसतं उभं राहायचं. पाय खांद्यांएवढे फाकून, गुडघे वाकवून. गुडघे जुन्या दारासारखे करकरले. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटं उभा राहिला, दुसऱ्या दिवशी चाळीस. उभं राहता येत नाही त्याने चालायची गोष्ट करू नये, असं त्याचं मत. तिसऱ्या दिवशी हेल्मेट घातलं, पट्ट्या बांधल्या आणि फळी काखेत मारून चव्वेचाळीस पायऱ्या उतरला.

समोर सार्वजनिक सभागृहाचं आवार होतं. लांबरुंद, दगडी फरशीचं. ते त्यानेच केलेलं, लेक रांगत होती त्या वर्षी. सभागृहाच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत एका रांगेत बेचाळीस फरशा, आणि पाणी साचू नये म्हणून दहा फुटाला दीड इंच ढाळ. डोळ्याला कळणार नाही, पाण्याला कळेल एवढा. नवशिक्याला याहून चांगली जागा नाही, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. फाटकाशी न्हाव्याचं दुकान होतं. ते मात्र त्याने हिशेबात धरलं नव्हतं.

न्हावी वस्तरा पुसत दारात आला. हेल्मेट बघितलं, पट्ट्या बघितल्या. "काय हो फरशीवाले, गुडघ्याला बाशिंग बांधून कुठे निघालात? वहिनींना सांगितलंय ना?"

"तू तुझ्या गिऱ्हाईकाचा कान सांभाळ."

डावा पाय फळीवर, उजव्याने रेटा. फळी पुढे गेली, फरशीवाला मागे. बसला तो थेट बुडावर. उठला, पुन्हा रेटा दिला, पुन्हा तेच. त्या सकाळी सहा वेळा पडला. दुसऱ्या सकाळी नऊ वेळा. पडणं वाढतंय म्हणजे मेहनत वाढतेय, असं तो न्हाव्याला म्हणाला. न्हावी म्हणाला, या वेगाने सुधारणा झाली तर महिनाअखेरीला तुम्हाला खाटेवरून आणावं लागेल.

तिसऱ्या सकाळी पाचव्यांदा पडला तेव्हा वरची खिडकी उघडली. दहा महिन्यांत ती खिडकी लेकीने उघडली नव्हती. काचेतूनच बघायची.

"बाबा, वजन मागे टाकताय."

"कळतंय."

"कळतंय तर टाकता कशाला?"

फरशीवाला बसल्या जागी विचार करून म्हणाला, "नव्या लावलेल्या फरशीवर भार द्यायचा नसतो. बसते खाली. आम्ही कायम मागे सरकत येतो, अंग टाचांवर ठेवून."

"ती फरशी वाळून पंचवीस वर्षं झाली."

न्हाव्याचं गिऱ्हाईक तोंडाला साबण असताना हसलं.

"पुढच्या पायावर भार द्या," लेक म्हणाली. "द्या बिनधास्त. आणि खाली बघू नका. माणूस बघतो तिकडे जातो. खाली बघितलंत की खालीच जाणार."

फरशीवाल्याने वर बघितलं. लेक खिडकीत नव्हती. पण खिडकी उघडी होती.

अंगात मुरलेलं काढायला वेळ लागतो. रेटा द्यायच्या आधी तो मोठ्याने म्हणायचा, "वाळली आहे, वाळली आहे," आणि भार पुढे टाकायचा. आठव्या दिवशी सलग वीस फरशा पार केल्या. थांबायचं कसं ते लेकीने खिडकीतूनच सांगितलं. मागचा पाय उतरवायचा आणि तळवा जमिनीवरून हलका ओढायचा, दाबायचा नाही. इस्त्री फिरवल्यासारखा. त्याने शिकून घेतलं आणि चांगल्या बुटाचा तळ घासून पातळ केला. बायकोने तो बूट जेवायच्या टेबलावर आणून ठेवला.

समोर बघून जायला लागल्यावर त्याला आवाज ऐकू यायला लागला. प्रत्येक सांध्यावर पुढची चाकं टक, मागची चाकं टक. टक-टक, टक-टक. सगळे सांधे सारखे असले की आवाज सारखा येतो. काम करताना हे त्याला कधी कळलं नव्हतं. स्वतःच्या फरशीची चाल तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला ती आवडली.

तेराव्या दिवशी त्याने ठरवलं, आज बेचाळीस पुऱ्या करायच्या. चार रेटे दिले, दोन्ही पाय फळीवर घेतले, नजर फाटकावर. वीस गेल्या, पंचवीस गेल्या. तीस. मग टक ऐवजी ठप्प असा आवाज आला, फळी दचकली आणि तो पुढे उडाला. पट्ट्यांवर आपटला, म्हणून गुडघे वाचले. तळहात मात्र सोलून निघाला.

न्हावी तुरटीचा खडा घेऊन धावत आला. "लागलं का? बोला तरी. डोकं आपटलं का?"

फरशीवाला गुडघ्यांवर होता आणि उठत नव्हता. तो सोललेल्या हाताच्या बोटाने सांधा चाचपत होता. एकतिसाव्या फरशीची कड वर आली होती. नखभर. खालची माती बसली असेल, किंवा पहिल्या दिवसापासून तिथे भर कमी पडली असेल. त्याने पायऱ्यांकडून मोजलं, मग पुन्हा मोजलं. एकतिसावीच. या आवारातून तो पंचवीस वर्षं रोज जात होता. गेले दहा दिवस तर फळीवरून. त्याने स्वतः केलेली, स्वतःच्या डोळ्यांसमोरची फरशी, आणि त्याला दिसली नाही. दिसणारच नव्हती. समोर बघून जाणाऱ्याला नखभर कड दिसत नसते.

"फरशीवाले, दवाखान्यात जायचं का?"

"नको," तो म्हणाला. "घरी जायचं आहे."

वर आला तेव्हा लेक टेबलाशी उभी होती. बायको मशीनवरून उठली आणि त्याचा चेहरा बघून परत बसली. तो लेकीसमोरच्या स्टुलावर बसला. टेबलावर मेणाचे दात ओळीने मांडलेले होते.

"एकतिसावी फरशी वर आली आहे," तो म्हणाला. "नखभर."

लेक त्याच्या हाताकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "डोळे कुठे होते?"

मशीनचा आवाज थांबला.

"समोर होते," फरशीवाला म्हणाला. "जिथे पाहिजेत तिथेच. त्या दिवशी तुझेही तिथेच होते."

लेक खुर्चीत बसली.

"मी चुकीचं बोललो. मी झाकण बघितलं ते उभं राहून, वाकून, बोट लावून. तसं कुणालाही दिसतं. चूक ते झाकण बसवणाऱ्याची होती. तुझी नव्हती. हे मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, पण मला आज कळलं." त्याने खिडकीतून खाली आवाराकडे बोट केलं. "आणि ही एकतिसावी माझी चूक आहे. ती मी नीट करतो."

लेकीने मेणाचे दात एकेक करून बाजूला सरकवले. मग कापूस आणि चिमटा घेतला, त्याचा तळहात उलटा करून टेबलावर ठेवला आणि खडे काढायला लागली. कोरणी धरायची तशी चिमट्याची पकड होती. बराच वेळ लागला. एक थेंब टेबलावर पडला. तो पाण्याचा होता, रक्ताचा नव्हता, आणि दोघांनीही तो पुसला नाही.

"हात स्थिर ठेवा," ती म्हणाली.

"ठेवलाय."

"ठेवला नाहीत."

सभागृहाच्या व्यवस्थापकाला त्याने दुरुस्तीचं सांगितलं, तेव्हा त्याला कळेना यात दुरुस्त करायचं काय आहे. फरशीवाल्याने त्याचं बोट धरून सांध्यावर टेकवलं. मग पहार लावून फरशी उचलली, खालचा जुना थर खरवडला, सिमेंटचा नवा माल पसरला, फरशी ठेवली, रबरी हातोड्याने ठोकली, लेव्हल लावली. पसंत पडली नाही म्हणून पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा बसली तशी ठेवली. भोवती दोरी बांधली. तीन दिवस कुणी पाय द्यायचा नाही. न्हाव्याला राखणीला बसवलं. न्हाव्याने ते काम इतकं मनावर घेतलं की एका कुत्र्याशी त्याचं कायमचं वाकडं झालं.

चौथ्या सकाळी फरशीवाला हेल्मेट घालायला लागला, तर लेकीने ते त्याच्या हातातून घेतलं.

"तुम्ही थांबा. मी बघते बसली आहे का."

"मी बघितली आहे."

"तुम्ही अजून नवशिके आहात."

ती चव्वेचाळीस पायऱ्या उतरली. कठडा धरून, प्रत्येक पायरी बघून. फरशीवाला तिच्या मागे फळी घेऊन. अकरा मिनिटं लागली. आवारात ती एकतिसाव्या फरशीपाशी वाकली आणि सांध्यावरून नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

त्याच्या कामाला आजवर पुष्कळांनी चांगलं म्हटलं होतं. नख फिरवून कुणी म्हटलं नव्हतं.

मग ती पायऱ्यांपाशी गेली, फळी खाली ठेवली आणि एक पाय वर ठेवून तशीच उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. तिची नजर खाली होती.

"धरू का?"

"धरलेलं माणूस जास्त पडतं, बाबा."

"मग बाजूने चालतो."

"चाला. पण बोलू नका."

तो चालला. ती पहिल्या दिवशी दहा फरशा गेली, दर फरशीला पाय टेकवत. दुसऱ्या दिवशी अठरा. मग दोघांनी पाळी लावली. एकदा ती, एकदा तो. फळी एक, नवशिके दोन. त्याचा तोल गेला की ती हसायची, तिचा गेला की तो आकाशाकडे बघायचा. पाचव्या दिवशी तिने चार रेटे दिले, दोन्ही पाय वर घेतले आणि तो मागे पडला. त्याने पळून बघितलं. गाठता आलं नाही. फाटकाशी ती वळून थांबली. न्हावी दारात उभा होता. तो आत जाऊन उगीच आरसा पुसायला लागला.

तीस तारखेला दोघं चालत त्या झाकणापर्यंत गेले. ते तसंच होतं. फरशीवाल्याने दोनदा अर्ज दिला होता, उत्तर आलं नव्हतं. त्याने सोबत आणलेला रंगाचा डबा उघडला आणि झाकणाच्या वीस पावलं अलीकडे रस्त्यावर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढला.

"इथे उतरायचं," तो म्हणाला. "पलीकडे चालत जायचं. मग पुन्हा चढायचं. यात लाज नाही."

"लाज कसली," लेक म्हणाली. "पट्टा तिरका आलाय पण."

तो वाकून बघायला लागला तेव्हा ती हसत पुढे निघून गेली होती.

एक तारखेला सकाळी लेकीने डबा घेतला, हेल्मेट घातलं, फळी काखेत घेतली. "येते," म्हणाली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. फरशीवाला स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला. चहा गार होत होता.

"या ना बघायला," बायको खिडकीतून म्हणाली. "निघाली बघा."

तो उठला नाही. खिडकी उघडी होती. खालून रेट्याचे आवाज आले, एक, दोन, तीन, चार. मग टक-टक. टक-टक. तो बोटांनी मोजत होता. पंचवीस. तीस. एकतिसावर त्याचं बोट हवेत थांबलं. टक-टक. बाकीच्यांसारखीच. बत्तीस, तेहतीस. बेचाळीस झाल्या आणि मग गुळगुळीत डांबराचा लांब, एकसारखा आवाज लागला, बारीक होत गेला आणि संपला.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली." बायकोने पदराने डोळे टिपले. "मान वर होती. बघायचं तरी."

"ऐकलं मी."

बायको न्हाणीघरातून ओला टॉवेल घेऊन आली आणि सवयीने दारामागे गेली. तिथे नुसती भिंत होती.

"आता हा कुठे टाकू?"

"खुंटी ठोकून देतो."

"सरळ ठोका म्हणजे झालं."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि पेटीतून ओळंबा काढला.